अस्वल बघायचं: रतनमहालचं की द्रासचं?

अस्वल रानातच बघायचं, तर आपल्या बडोदेकरांपुढे दोन वाटा. दाहोद जिल्ह्यातलं रतनमहाल अभयारण्य जवळचं, तिथे काळं अस्वल. सकाळी गाडी काढली की जेवणाच्या आत पोचता. तपकिरी अस्वल मात्र लांब: लडाखमधलं द्रास, झंस्कार किंवा हिमाचलातलं कुगती, साधारण 3000 मीटरच्या वर, झाडं संपतात तिथली कुरणं. अंगानं थोराड, खांद्यावर उंचवटा. गवत, मुळं खातं, मार्मोट (बिळात राहणारी मोठी खार) उकरून काढतं आणि हिवाळाभर गुहेत झोपतं. म्हणजे नाताळच्या सुट्टीत जाण्यात काही अर्थ नाही.

आपलं काळं, झिपरं अस्वल असली झोपबिप घेत नाही. त्याला वरचे पुढचे दोन दात नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं, आणि तो आवाज चांगला लांबवर जातो. उन्हाळ्यात मोहाखाली पडलेली फुलं वेचायला येतं. (गावकरीही त्याच फुलांसाठी पहाटे निघतात, आणि गाठ पडली की हल्ला होतो.)

आजी-आजोबा बरोबर असतील तर रतनमहालच. तपकिरीसाठी दम हवा, खिसा हवा. शिवाय भारतात ते मुळातच थोडं उरलंय. द्रासकडे ते उकिरड्यावरही येतं, पण तसं बघण्यात मला तरी मजा वाटत नाही.