गणिताच्या तासाला कहूट: खेळ चांगला, पण आधी वेळ वाढवा

नॉर्वेतून आलेला कहूट हा ऑनलाइन प्रश्नमंजूषेचा खेळ २०१३ पासून जगभरच्या वर्गांत खेळला जातोय. पडद्यावर प्रश्न आणि चार पर्याय, मुलांच्या फोनवर लाल त्रिकोण, निळा समभुज चौकोन, पिवळं वर्तुळ, हिरवा चौरस. पिन टाकायचा, नाव टाकायचं, की सुरू. ठाणे-नवी मुंबईतल्या ज्या शाळेत किंवा क्लासमध्ये प्रोजेक्टर आणि बरं वायफाय आहे, तिथे तयारीला फार वेळ लागत नाही. इतिहास-भूगोलाच्या उजळणीला तो आहे तसा चालतो. गणिताला चालत नाही, आणि त्याचं कारण त्याच्या गुणपद्धतीत आहे.

बरोबर उत्तराला जास्तीत जास्त १००० गुण. जितका उशीर, तितके कमी. अगदी शेवटच्या क्षणी दिलेल्या बरोबर उत्तराला साधारण ५००. चुकलं तर शून्य, पण वजा काही नाही. आता २० सेकंदांची वेळ ठेवून हिशेब करा. न वाचता पहिल्याच सेकंदाला बोट मारणाऱ्याचे दहापैकी तीन तुक्के लागले, तर प्रत्येकी ९७५ प्रमाणे त्याचे २९२५ होतात. दुसरी मुलगी वहीत गणित सोडवून अठराव्या सेकंदाला उत्तर देते. तिची पाच बरोबर येतात, प्रत्येकी ५५०, म्हणजे २७५०. पाच बरोबर असूनही ती मागे! मुलं हे दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नातच ओळखतात, आणि मग कच्चं काम करायला कोणी पेन उचलत नाही.

उपाय सेटिंगमध्येच आहे. वेळ १२० सेकंद करा. तुक्केवाल्याचे तीन बरोबरचे जेमतेम २९८८ होतात, आणि त्या मुलीने अगदी एक मिनिट घेतलं तरी तिचे ३७५०. वेळ वाया जाईल ही भीती नको. सगळ्यांची उत्तरं आली की प्रश्न आपोआप संपतो. पाढे, वर्गसंख्या, दशांश चिन्हाची जागा असल्या तोंडी प्रश्नांना १० किंवा २० सेकंद ठीक. शाब्दिक उदाहरणांना ९० च्या खाली जाऊच नका. अगदी नवा घटक असेल तर त्या प्रश्नाचे गुणच बंद ठेवायची सोय आहे, ती वापरा.

खरी मेहनत पर्यायांत आहे. तयार प्रश्नसंचांत चुकीचे पर्याय बहुतेकदा असेच कुठले तरी आकडे असतात, त्यामुळे मूल चुकलं तरी का चुकलं ते कळत नाही. ठाण्याच्या मुलांना जवळचं उदाहरण घ्या: १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली रेल्वे धावली, अंतर ३४ किलोमीटर. वेळ ५७ मिनिटं धरली, तर सरासरी वेग ताशी किती? बरोबर उत्तर सुमारे ३६. ज्याने ५७ मिनिटं म्हणजे ०.५७ तास धरले त्याला ६० मिळेल. ज्याने भागायच्या जागी गुणलं त्याला ३२. ज्याने ३४ ला ५७ ने भागून हात झटकले त्याला ०.६. हेच चार पर्याय द्या. उत्तरांनंतर पडद्यावर कोणत्या पर्यायाला किती जणांनी निवडलं त्याचे स्तंभ दिसतात. ६० चा स्तंभ उंच दिसला तर ‘पुढे’ दाबू नका. मिनिटांचे तास कसे करायचे ते तिथल्या तिथे फळ्यावर घ्या. ही दोन मिनिटं मिळतात म्हणूनच हा खेळ वर्गात आणण्यासारखा आहे.

मराठीत टाइप करताना जागा पुरत नाही. प्रश्नाला १२० आणि पर्यायाला ७५ वर्णांची मर्यादा आहे. ‘क्षेत्रफळ’ डोळ्यांना चार अक्षरं दिसतं, संगणकाच्या मोजणीत ते नऊ वर्ण भरतं. लांब उदाहरण असेल तर ते लिहून त्याचं चित्र लावा आणि प्रश्नात फक्त ‘वेग काढा’ एवढंच ठेवा. भूमितीच्या आकृत्यांनाही हाच मार्ग. उत्तर टाइप करायचा प्रकार वापरणार असाल, तर ०.५ आणि १/२ दोन्ही, शिवाय देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही अंकांतली रूपं मान्य उत्तरांत भरून ठेवा, नाहीतर बरोबर उत्तर चूक ठरेल.

शिष्यवृत्तीच्या तयारीसाठी घेत असाल तर एक खाच आहे. त्या पेपरात काही प्रश्नांना दोन पर्याय अचूक असू शकतात आणि मग दोन्ही रंगवावे लागतात. कहूटच्या साध्या प्रश्नात दोन पर्याय बरोबर ठरवले, तर कुठलाही एक दाबला तरी पूर्ण गुण मिळतात. अनेक पर्याय निवडायचा वेगळा प्रश्नप्रकार तुमच्या खात्यात आहे का, ते पैसे भरण्याआधी बघा.

शाळेत मुलांना मोबाईल आणू देत नसतील तर संघांचा खेळ लावा: चार-पाच जणांत एक टॅब किंवा संगणक खोलीतला एक संगणक. उत्तराआधी चर्चेला पाच सेकंद मिळतात, ती गणिताला अपुरी, म्हणून इथेही वेळ मोठीच हवी. आणि तेवढीही यंत्रं नसतील तर प्लिकर्स बघा. त्यात मुलांच्या हातात छापील कार्डं असतात, उत्तराप्रमाणे ती फिरवून धरायची, आणि शिक्षकाच्या एकाच फोनचा कॅमेरा सगळ्या वर्गाची उत्तरं टिपतो. कार्डं जाड कागदावर छापा, लॅमिनेट करू नका. ट्यूबलाइटची चमक आली की कॅमेऱ्याला कार्ड वाचता येत नाही.