इंजिनचं काम झालं, उरलेले मूळ पार्ट सुटे विकावेत की एकगठ्ठा?

इंजिन नव्याने बांधून झालं की कोपऱ्यात कंपनीच्या मूळ पार्टचा ढीग उरतो: पिस्टन, कनेक्टिंग रॉड, कॅमशाफ्ट, मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारे किंवा धूर बाहेर काढणारे नळ), कधी अख्खं सिलिंडर हेड. ते एकेक करून विकता येतात, एकगठ्ठा गॅरेजला देता येतात, नाहीतर भंगारात जातात.

सुटं विकण्यात पैसे सर्वांत जास्त आणि खटपटही. पार्ट नंबर शोधा, साफ करा, फोटो काढा, मापं घ्या. पण मापं टाळू नका. क्रँकशाफ्टच्या जर्नलचं, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागाचं, मायक्रोमीटरने घेतलेलं माप आणि तडा तपासल्याचा कागद हातात असेल, तर घेणारा घासाघीस कमी करतो. पिस्टनचंही तसंच. तुमचा ब्लॉक ०.५० मिमी ओव्हरसाइज रिबोर झाला असेल, म्हणजे सिलिंडरचं भोक (बोअर) तेवढं मोठं कापलं असेल, तर जुने स्टँडर्ड पिस्टन तुमच्या कामाचे नाहीत. ज्याचा बोअर अजून स्टँडर्ड आहे आणि एखादाच पिस्टन खराब झालाय, त्याला मात्र ते हवे असतात. स्कर्टचं, म्हणजे पिस्टनच्या खालच्या भागाचं, माप आणि रिंगच्या खाचांची झीज त्याला आधीच सांगा.

एकगठ्ठा दिलं की जागा एका दिवसात मोकळी होते. मात्र गॅरेजवाला दहातल्या तीन कामाच्या वस्तूंचा हिशेब करूनच भाव देतो, आणि त्यात त्याचं चुकत नाही. हेड किंवा इंजेक्टर चांगले असतील तर या गठ्ठ्यात घालू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

काही पार्ट मात्र संच म्हणूनच द्यायचे. कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप जोडीने मशिन केलेली असते. एकाची कॅप दुसऱ्यावर बसवली तर भोक गोल राहत नाही. फ्लॅट टॅपेट (कॅमशाफ्टवर टेकून व्हॉल्व्ह उघडणारे सपाट तळाचे पार्ट) कॅमशाफ्टच्या ज्या लोबवर, म्हणजे उंचवट्यावर, घासले, त्याच्याशीच त्यांची जोडी जमलेली असते. म्हणून उतरवतानाच नंबर टाका; नंतर जोड्या ओळखणं फार अवघड. नंबर नसलेला संच मी स्वतः विकत घेणार नाही, तेव्हा दुसऱ्यालाही देणार नाही.

जुने बेअरिंग, रिंगा, हेड गॅस्केट, टायमिंग बेल्ट आणि एकदा ताणले गेलेले टॉर्क-टू-यील्ड बोल्ट (आवळताना कायमचे ताणले जाणारे, म्हणून एकदाच वापरायचे) कुणालाही विकू नका, फुकटही देऊ नका. बेल्ट कापूनच टाका. भंगारात देताना ॲल्युमिनियम आणि बीड वेगळं ठेवलं तर भाव बरा मिळतो. स्टार्टर किंवा अल्टरनेटर बदलला असेल तर आधी दुकानात विचारा. जुना परत दिला की अनेकदा अनामत रक्कम परत मिळते, मग तो बंद असला तरी चालतो.

घाई मात्र नको. नवं इंजिन रुळेपर्यंत, साधारण हजारेक किलोमीटर, काहीच विकू नका. काही बिघडलं तर ताडून पाहायला जुना पार्टच लागतो. काढून ठेवलेले मूळ मॅनिफोल्ड तर गाडी विकेपर्यंत ठेवा, कारण पुढच्या मालकाला मूळ रूपातली गाडी हवी असू शकते. तोवर क्रँकला तेलाचा हात फिरवून प्लास्टिकमध्ये गुंडाळा, नाहीतर पॉलिश केलेल्या जर्नलवर गंज धरतो.