पाठीवर पुठ्ठ्याची पेटी, हातापायांना दोऱ्या: निन्टेंडो लाबो रोबो संचाबरोबरचे आठ महिने

न्यू जर्सीत राहणारी माझी बहीण गेल्या मे महिन्यात ठाण्याला आली, तेव्हा तिने माझ्या दहा वर्षांच्या मुलीसाठी निन्टेंडो लाबोचा रोबो संच आणला, म्हणजे पुठ्ठ्याचे भाग स्वतः जुळवून अंगावर चढवायचा आणि त्याने पडद्यावरचा यंत्रमानव चालवायचा व्हिडिओ गेम. तिच्या मुलांसाठी घेतलेली ती पेटी मुले मोठी झाली तरी उघडायची राहून गेली होती. हा संच एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेत ७९.९९ डॉलर किमतीला बाजारात आला. त्यात खेळाचे कार्ड, नालीदार पुठ्ठ्याचे छापील तक्ते, दोऱ्या, कापडी पट्टे आणि चमकते स्टिकर असतात. स्विच हे निन्टेंडोचे व्हिडिओ गेमचे यंत्र मात्र आपल्याकडे आधीपासून असावे लागते. आठ महिने, त्यात कोकणपट्टीचा एक संपूर्ण पावसाळा, आम्ही दोघांनी तो नियमित वापरला आहे.

जुळवणीला तीन ते चार तास लागतात असा कंपनीचा अंदाज आहे. आम्हाला दोन संध्याकाळी मिळून सहा तास लागले आणि त्यातला एकही तास मला वाया गेला असे वाटले नाही. छापील पुस्तिकेऐवजी सर्व सूचना पडद्यावर दिसतात. जोडाचे चित्र बोटाने फिरवून मागून-पुढून पाहता येते, जवळ आणता येते, चुकले तर मागे नेता येते. वाचनाचा कंटाळा असलेल्या माझ्या मुलीने यातले निम्म्याहून अधिक काम स्वतः केले. घडी घालण्यापूर्वी प्रत्येक रेष नीट मोडून घ्यावी, एवढी एक सूचना मात्र मी आग्रहाने करेन, कारण अर्धवट मोडलेली घडी पुढे सर्व भार सोसते आणि तिथेच पुठ्ठा फुगतो.

खरी कमाल पाठीवरच्या पेटीत आहे. दोन्ही हातांतल्या मुठी आणि दोन्ही पायांतले पट्टे दोऱ्यांनी या पेटीला जोडलेले असतात, आणि पेटीच्या आत प्रत्येक दोरीला पुठ्ठ्याचा एक ठोकळा लटकतो. हात पुढे गेला की दोरी ताणली जाते आणि तिचा ठोकळा वर सरकतो. हात मागे आला की तो आपल्या वजनाने खाली येतो. ठोकळ्यांवर प्रकाश परतवणारे स्टिकर लावलेले असतात आणि उजव्या जॉय-कॉनमधला (जॉय-कॉन म्हणजे स्विचचे हातात धरायचे नियंत्रक) अवरक्त कॅमेरा त्या पेटीत बसून हे चार ठिपके किती वर-खाली झाले एवढेच पाहत राहतो. डावा जॉय-कॉन डोक्यावरच्या पट्टीत बसतो आणि मानेची हालचाल टिपतो. पुठ्ठ्यात ना तार आहे, ना विजेचा कोणता भाग. मुलीने पहिल्या दिवशी पेटीचे झाकण उघडून हात हलवले, ठोकळे सरकताना पाहिले, आणि तिला ते कोणीही न समजावता समजले.

मला त्या क्षणी पिंगुळी आठवली. कुडाळजवळच्या त्या गावात ठाकर समाजातील कलाकार कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करतात. लहानपणी आजोळी गेल्यावर मी तो पाहिला होता. तिथे दोरी माणसाच्या बोटांत आणि हालचाल बाहुलीच्या अंगात असते. इथेही तेच नाते आहे, फक्त दोरी आपल्या सर्वांगाला बांधलेली असते आणि बाहुली म्हणजे दूरचित्रवाणीच्या पडद्यावरचा गगनचुंबी यंत्रमानव.

प्रत्यक्ष खेळात जागच्या जागी पावले उचलली की यंत्रमानव चालतो, अंग कलवले की वळतो, मूठ पुढे मारली की इमारत कोसळते. दोन्ही हात पसरले की तो उडतो आणि खाली बसले की त्याचे चाकांच्या वाहनात रूपांतर होते. डोक्यावरची झडप डोळ्यांसमोर ओढली की दृश्य बदलते आणि आपण यंत्रमानवाच्या नजरेने शहर पाहू लागतो. झडपेचा हा एक बारकावा मला अजूनही दर वेळी आनंद देतो.

शरीराच्या हालचालीवर चालणारे यंत्रमानवांचे खेळ यापूर्वीही झाले आहेत. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या खेळयंत्रासाठी आलेल्या ‘स्टील बटालियन: हेवी आर्मर’मध्ये काइनेक्ट या हालचाल टिपणाऱ्या उपकरणाचा कॅमेरा समोरून खेळाडूचे हात पाहत असे, आणि खुद्द निन्टेंडोचे खेळ-रचनाकार शिगेरू मियामोतो यांनी २०१४ मध्ये ‘प्रोजेक्ट जायंट रोबो’ नावाचा प्रयोग दाखवला होता, जो पुढे विक्रीला आलाच नाही. समोरून पाहणाऱ्या कॅमेऱ्यापुढे हात हवेत फिरतो. हाताला काहीच लागत नाही. लाबोमध्ये मात्र प्रत्येक ठोशाला दोरीचा ताण जाणवतो, पाऊल उचलताना ठोकळ्याचे किंचित वजन जाणवते, आणि एवढ्याशा ओढीमुळे आपण काहीतरी अवजड यंत्र हलवत आहोत यावर शरीराचा विश्वास बसतो. आठ महिन्यांनंतरही हा खेळ आमच्या घरात जिवंत आहे, त्याचे कारण मला त्या ओढीतच दिसते.

वीस मिनिटांत घाम येतो. खर्च झालेल्या ऊर्जेचा अंदाज देणारा एक प्रकार खेळातच आहे आणि मी पाठदुखीमुळे व्यायाम सोडला होता, तो याच निमित्ताने पुन्हा सुरू झाला. पायांचा आवाज खालच्या घरात जातो, म्हणून आम्ही दुहेरी घडीची सतरंजी अंथरून आणि रात्री आठच्या आतच खेळतो. खालच्या काकूंनी त्यानंतर एकदाही तक्रार केली नाही.

आता पावसाळ्याविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण पुठ्ठ्याची वस्तू घेणाऱ्या इथल्या माणसाला तीच पहिली चिंता असते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पेटीच्या कडा मऊ पडल्या आणि दोरी जिथून बाहेर येते तिथला पुठ्ठा वाकू लागला. त्याच सुमारास यंत्रमानवाचा डावा पाय थांबला. झाकण उघडल्यावर दिसले की ठोकळ्यावरच्या स्टिकरचा कोपरा दमटपणाने सुटून दुमडला होता. तो कोरड्या कापडाने पुसून दाबून बसवताच पाय पुन्हा चालू लागला. खळ किंवा पातळ गोंद वापरण्याचा मोह टाळावा, त्याच्या पाण्याने पुठ्ठा आणखी ढिला होतो. मी कडांना आतून कोरड्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून वरून कागदी चिकटपट्टी मारली, आणि सप्टेंबरअखेरपर्यंत संपूर्ण संच ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत, कपाटाच्या वरच्या खणात ठेवला. माळ्यावर ठेवू नये. तिथे आमच्याकडे भिंतीला ओल असते. ऑक्टोबरच्या उन्हात पेटी पुन्हा खडखडीत झाली, फक्त एक घडी कायमची सैल राहिली.

खेळाची व्याप्ती लहान आहे हे मान्य करूनच तो घ्यावा. शहर पाडण्याचा मुख्य प्रकार, नवी कौशल्ये मिळवून देणाऱ्या आव्हानांच्या फेऱ्या, यंत्रमानवाचे रंग आणि आवाज बदलण्याच्या जागा, एवढे झाले की नवीन काही उरत नाही. दोन यंत्रमानवांची समोरासमोरची झुंज आहे, परंतु तिला दुसरा संपूर्ण संच आणि जॉय-कॉनची दुसरी जोडी लागते, त्यामुळे आम्ही बाप-लेक आळीपाळीने खेळतो आणि गुण वहीत लिहून ठेवतो. दीर्घ कथानक हवे असेल, तर हा संच त्यासाठी नाही.

हा संच आता दुकानात सहज दिसत नाही, म्हणून वापरलेला घ्यावा लागण्याची शक्यता अधिक आहे. तसा घेताना पुठ्ठ्याच्या बाहेरच्या चुरगळण्याकडे फारसे पाहू नये. पेटी उघडून चारही ठोकळे न अडखळता खाली येतात का, स्टिकर चमकदार आहेत का, आणि दोरीची भोके फाटलेली नाहीत ना, हे आधी पाहावे. दोरी तुटलेली असली तरी हरकत नाही. आमची उजव्या पायाची दोरी नोव्हेंबरमध्ये झिजून तुटली, तेव्हा मुलीने खिडकीच्या पडद्याची जुनी दोरी पहिलीच्या लांबीची कापून ओवली, आणि यंत्रमानव त्याच संध्याकाळी चालू लागला.