टी.टी. की पाश्चराइज्ड? १९५०च्या ब्रिटनमधल्या दोन बाटल्या

युद्धोत्तर ब्रिटनवर प्रबंध लिहिणारी मैत्रीण अडली होती: तेव्हाच्या आईने कुठलं दूध घ्यायला हवं होतं, ‘ट्युबर्क्युलिन टेस्टेड’ (टी.टी.) की पाश्चराइज्ड?

टी.टी.मध्ये परीक्षा गायीची. कातडीत ट्युबर्क्युलिन (क्षयाच्या जंतूंपासून काढलेलं द्रव्य) टोचायचं, सूज आली की क्षयाची लागण समजून गाय कळपाबाहेर. पण दूध कच्चंच, आणि चाचणी फक्त क्षयाची. ब्रुसेला (दुधातून माणसाला ताप देणारा दुसरा जंतू) तिला दिसतच नाही. धार काढणाऱ्याचे हात आणि किटल्या यांचं तर बोलूच नका.

पाश्चराइज्ड दूध ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२च्या आसपास १५ सेकंद तापवलेलं. शिवाय पडताळा सोपा: सॅनिटरी इन्स्पेक्टर नमुना उचलायचा, त्यात फॉस्फटेज (कच्च्या दुधातलं, नीट तापवल्यावर नष्ट होणारं एन्झाइम) सापडलं की तापवणं अर्धवट राहिलं किंवा कच्चं दूध मिसळलं, हे उघड. इथेच माझा कौल ठरतो.

टी.टी.ला पैसेही जास्त. चवीचा वाद मी सोडून देते.

घरात तान्हं मूल किंवा गरोदर बाई असेल तर पाश्चराइज्डच. कच्च्याचाच हट्ट असेल तर टी.टी.; साध्या कच्च्यापेक्षा केव्हाही बरं. (दोन्ही शिक्के असलेली बाटलीही मिळे.) आणि पाश्चराइज्ड पोचतच नाही अशा खेड्यात टी.टी. आणून घरी उकळायचं, आपल्यासारखं, वर येईपर्यंत.