पीडीजीएफ की एफजीएफ-2? ऑलिगोडेन्ड्रोसाइट वाढवायला बसलेल्यांसाठी

ऑलिगोडेन्ड्रोसाइट म्हणजे चेतातंतूंवर मायलिनचं (चरबीयुक्त आवरणाचं) वेष्टन चढवणाऱ्या मेंदूतल्या पेशी. मिश्र ग्लियाचा (मेंदूतल्या निरनिराळ्या सहाय्यक पेशींचा) फ्लास्क रात्रभर शेकरवर, म्हणजे हलवणाऱ्या यंत्रावर, ठेवून त्यांच्या पूर्वपेशी (ज्यांच्यापासून त्या तयार होतात) सुट्या केल्या, की पुढचा प्रश्न ठरलेला: मीडियात (पेशी वाढवण्याच्या पोषक द्रवात) पीडीजीएफ-एए घालायचं की एफजीएफ-2? दोन्ही पेशींना विभागायला लावणारी प्रथिनं, म्हणजे ग्रोथ फॅक्टर. मी दोन्ही वापरली आहेत.

नुसती संख्या हवी असेल तर एफजीएफ-2 चांगलंच. ते पेशीवरचा पीडीजीएफचा अल्फा रिसेप्टर (पीडीजीएफचा संदेश पकडणारं प्रथिन) कमी होऊ देत नाही. त्यामुळे दोन्ही एकत्र दिली की पेशी विभागतच राहतात, प्रौढ व्हायचं नावच घेत नाहीत.

माझं घोडं अडलं ते रोजच्या डोसापाशी. इनक्युबेटरच्या 37 अंशांत एफजीएफ-2 ची ताकद दिवसभरात बरीच उतरते. हेपरिन (त्याला टिकवून धरणारा पदार्थ) घातलं तर ते थोडा तग धरतं, पण रोजची फेरी काही चुकत नाही. 29 ऑगस्ट 2015 ला नाशिकला सिंहस्थाची पहिली पर्वणी होती. माझं घर पंचवटीत, लॅब गंगापूर रोडला. रस्ते बंद, दोन दिवस जाताच आलं नाही. तिसऱ्या दिवशी प्लेट मायक्रोस्कोपखाली धरली तर पोटात गोळाच आला. एफजीएफच्या वेल्समध्ये (प्लेटमधल्या खळग्यांमध्ये) एरवी दोन शेपट्यांच्या सडपातळ पूर्वपेशी दिसायच्या, तिथे सगळीकडे फांद्या फुटून जाळी झाली होती. म्हणजे त्या प्रौढ होऊ लागल्या होत्या, पूर्वपेशी म्हणून त्यांचा आता उपयोग नव्हता. शेजारच्या पीडीजीएफच्या वेल्समध्ये मात्र दोन शेपट्यावाल्याच जास्त होत्या. एका प्लेटवरून नियम सांगू नये, हे कबूल. पण पुढे दिवाळीच्या सुटीतही तेच झालं.

शिवाय पीडीजीएफ मेंदूच्या स्वतःच्या रीतीला जवळचं वाटतं. जीवशास्त्रज्ञ मार्टिन रॅफ आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये उंदराच्या ऑप्टिक नर्व्हच्या (डोळ्याच्या नसेच्या) पेशींवर दाखवलं, की अ‍ॅस्ट्रोसाइटमधून (मेंदूतल्या दुसऱ्या एका सहाय्यक पेशीतून) येणारं पीडीजीएफ या पूर्वपेशींचं घड्याळ चालवतं. काही वेळा विभागल्या की पीडीजीएफ समोर असतानाही त्या थांबतात आणि ऑलिगोडेन्ड्रोसाइट होतात. थायरॉइड हार्मोन असेल तर हे वेळेवर होतं. मायलिनवर काम करणाऱ्याला हा क्रम डोळ्यांनी पाहता येणं फार मोलाचं आहे.

ट्रान्सप्लांटसाठी ढीगभर पूर्वपेशी हव्या असतील आणि रोज लॅबला जाणारं कुणी असेल, तर एफजीएफ-2 सोबतीला जरूर घ्या. एकट्यानेच सगळं सांभाळायचं असेल, तर मी पीडीजीएफच सुचवेन. कुपी आली की त्याच दिवशी लहान भाग करून गोठवा. एकदा वितळलेला भाग परत फ्रीजरमध्ये ठेवू नका.