सोर्स हान सान्स: जपानी ओळीत रोमन अक्षरं बसवताना

यंत्रांची जपानी माहितीपत्रकं लावायचं काम बरेच महिने करतोय आणि त्यातला जवळपास सगळा मजकूर सोर्स हान सान्स या फॉन्टमध्ये आहे. जपानी लोक याला 'गेन नो काकु गोथिक' म्हणतात. गूगलकडून घेतला तर नाव नोटो सान्स सीजेके (सीजेके म्हणजे चिनी, जपानी, कोरियन). 2014 मध्ये अडोबी आणि गूगलने मिळून काढलेला, फुकट, सात वजनांचा, म्हणजे बारीक ते जाड अशा सात जाडींचा. कांजी (चिनीतून आलेली चित्राक्षरं) आणि काना (जपानी उच्चाराक्षरं) यांच्याबद्दल काही म्हणणं नाही. आठ पॉइंटलाही दाट कांजीच्या रेघा एकमेकींत घुसत नाहीत.

डोकेदुखी सुरू होते ती ओळीत मॉडेलची नावं आणि मापं आली की. जपानी अक्षर चौकोनात बसतं आणि या फॉन्टच्या हजार एककांच्या चौकोनातली फक्त 120 एककं रोमन बेसलाइनच्या, म्हणजे इंग्रजी अक्षरं ज्या रेषेवर उभी राहतात तिच्या, खाली असतात. किलोग्रॅमच्या लघुरूपातल्या 'जी'ची शेपटी तेवढ्यात मावत नाही, खाली लोंबते. ओळींमधलं अंतर कमी ठेवलं की हे लगेच खुपतं. शिवाय यातली रोमन अक्षरं मूळची सोर्स सान्स या अडोबीच्याच रोमन फॉन्टची, पण 115 टक्के मोठी केलेली, कारण मूळ मापात ती कांजीशेजारी किरकोळ दिसतात. मथळ्यात आणि बटणांवर हे माप झकास. पण ओळीओळीत इंग्रजी नावं असतील तर रोमन फारच पुढेपुढे करतं.

म्हणून लांब मजकुरासाठी मी इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या जपानी आवृत्तीत संयुक्त फॉन्ट बनवतो. कांजी, काना, विरामचिन्हं, रोमन, आकडे, प्रत्येकाला वेगळा फॉन्ट, वेगळी टक्केवारी आणि वर-खाली सरकवायची सोय. रोमनला मूळ सोर्स सान्स 108 टक्के, आकडे किंचित मोठे. देवनागरीत इंग्रजी मिसळणाऱ्यांना ही सोय बघून हेवा वाटेल. एका छापखान्यात फाइल गेली आणि तिथे हा संयुक्त फॉन्टच गायब. तेव्हापासून पीडीएफच देतो.

दोन लिप्यांच्या सांध्यावर नियमाप्रमाणे पाव एमची (एम म्हणजे एका जपानी अक्षराच्या चौकोनाची रुंदी) फट पडते. लहान टाइपात ती मला भोकासारखी दिसते, म्हणून एक अष्टमांश ठेवतो. स्पेसबार दाबून फट पाडू नये, ओळ ताणली की ती जागा वेडीवाकडी फुगते.

उभ्या मजकुरात रोमन शब्द उजवीकडे आडवा पडतो. दोन अंकी आकडा एकाच घरात उभा राहतो, ते छान दिसतं. आडवा पडलेला शब्द सगळा बुटक्या लहान अक्षरांचा असेल तर मात्र तो मध्यरेषेच्या डावीकडे सरकल्यासारखा दिसतो; तिथे हातानेच ढकलावं लागतं. इटॅलिक तर नाहीच. जोर द्यायचा असेल तर जपानी पद्धतीने अक्षराशेजारी ठिपके द्या, तिरकं करू नका.

वेबवर वापरणार असाल तर पानाची भाषा जपानी म्हणून नोंदवाच. पूर्ण सीजेके फाइलमध्ये एकाच अक्षर-संकेताला (कॉम्प्युटरमधल्या अक्षराच्या क्रमांकाला) जपानी, कोरियन, चिनी अशी वेगवेगळी रूपं असतात. भाषा सांगितली नाही तर 'सरळ' या अर्थाची कांजीसुद्धा चिनी वळणाने उमटू शकते आणि जपानी वाचक ते पहिल्या नजरेत पकडतो.