रविवारची सलग बैठक की रोजचा पाऊण तास?

स्वयम् किंवा एनपीटेल या ऑनलाइन शिक्षणाच्या सरकारी उपक्रमांतील बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला नाव नोंदवले की पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट ठरवावी लागते. आठवड्याची सगळी व्याख्याने रविवारी एका बैठकीत संपवायची, की रोज एकेक ऐकायचे? असाइनमेंटची मुदत सोडली तर व्याख्यान केव्हा ऐकले हे विचारणारे येथे कोणी नसते, त्यामुळे हा निर्णय पूर्णपणे आपला असतो. मी दोन्ही पद्धतींनी एकेक अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. नोकरी सांभाळून जानेवारीच्या सत्रात संभाव्यता व संख्याशास्त्र रविवारच्या बैठकींवर केले आणि नंतर जुलैच्या सत्रात डेटाबेसचा अभ्यासक्रम रोजच्या पाऊण तासावर केला. विषय वेगळे होते, त्यामुळे ही तुलना काटेकोर आहे असा माझा दावा नाही. तरीही एका बाबतीत फरक इतका स्पष्ट जाणवला की तो सांगावासा वाटतो.

कागदावर पाहिले तर दोन्हींत काहीच फरक दिसत नाही. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात साधारण तीस तासांची व्याख्याने असतात, म्हणजे आठवड्याला अडीच तास, अर्ध्या-अर्ध्या तासाची पाच. हे अडीच तास रविवारी सकाळी चहा घेऊन बसले की दुपारच्या जेवणाआधी संपतात. रविवारच्या बैठकीचे सुखही खरे आहे. घर शांत असते, विषयाचा धागा तुटत नाही, आणि पाच व्याख्यानांपुढे पाच हिरव्या खुणा उमटलेल्या पाहून आठवडा मार्गी लागल्याचे समाधान मिळते. पहिले चार आठवडे मी या पद्धतीवर पूर्ण खूश होतो.

पाचव्या आठवड्यात अडचण आली. दुसऱ्या व्याख्यानात मी अडलो. एकाच वेळी घडू शकत नाहीत अशा दोन घटना आणि एकमेकींवर अवलंबून नाहीत अशा दोन घटना या एकच असणार, असे मी धरून बसलो होतो, आणि समोरच्या उदाहरणाचे उत्तर काही केल्या जुळत नव्हते. पुढची तिन्ही व्याख्याने याच कल्पनेवर उभी होती. चर्चामंचावर प्रश्न टाकला, पण रविवारी सकाळी अकरा वाजता उत्तर द्यायला कोण बसले असणार? आता बैठक मोडावी तर पुढची मोकळी बैठक थेट पुढच्या रविवारी, आणि असाइनमेंटची मुदत बुधवारी रात्री. म्हणून अर्धवट समजुतीवरच मी उरलेली तीन व्याख्याने ऐकून टाकली. सोमवारी सकाळी बसची वाट पाहताना नाण्याचा विचार करता करता गोष्ट आपोआप उलगडली: छापा पडला असे कळले की काटा पडला नाही हे नक्की होते, म्हणजे एका घटनेची बातमी दुसरीबद्दल सर्व काही सांगून टाकते, मग त्या स्वतंत्र कशा असतील? मंगळवारी चर्चामंचावर साहाय्यकांनीही तेच समजावून सांगितले. समजले याचा आनंद होताच, पण ती तीन व्याख्याने बुधवारी जागून पुन्हा ऐकावी लागली. पुढे हा प्रकार आणखी तीनदा घडला, आणि दर वेळी असाइनमेंट कशीबशी भरली गेली.

माझ्यासाठी निवड येथेच झाली. शंका सुटायला वेळ लागतो, आणि बहुतेक वेळा तो वेळ अभ्यासाच्या टेबलावरचा नसतो. सलग बैठकीत शंका पडते त्याच दिवशी तिच्यावरचा मजला बांधावा लागतो. रोजच्या पद्धतीत ती रात्रभर मुरू देता येते.

डेटाबेसच्या अभ्यासक्रमात तिसऱ्या नॉर्मल फॉर्मपाशी, म्हणजे तक्त्यात तीच माहिती पुन्हा पुन्हा येऊ नये यासाठीच्या एका नियमापाशी, मी असाच अडलो, पण तो मंगळवार होता आणि त्या दिवसाचे व्याख्यान तेवढेच होते. वहीत पानाच्या माथ्यावर प्रश्न लिहून ठेवला. दुसऱ्या दिवशी कार्यालयात भांडार विभागाचा तक्ता चाळताना दिसले की वस्तूच्या क्रमांकापुढे पुरवठादाराचा क्रमांक आहे आणि त्याच ओळीत पुरवठादाराचा फोनही आहे. फोन वस्तूवर अवलंबून नाही, पुरवठादारावर आहे, म्हणून एका पुरवठादाराचा फोन बदलला की त्याच्या प्रत्येक वस्तूच्या ओळीत तो बदलावा लागतो. व्याख्यानात सांगितलेला दोष तो हाच. संध्याकाळी पुढचे व्याख्यान ऐकायला बसलो तेव्हा मागे फिरण्याची गरजच उरली नव्हती.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. रविवारी दुपारी सगळे येते असे वाटते, ते वाटणे फसवे असते. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, मजकूर पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्यानंतर मजकूर न पाहता आठवून लिहिणारे पुढे गेले. माझ्या पाऊण तासाची विभागणी त्यामुळेच ठरली: अर्धा तास व्याख्यान, आणि पंधरा मिनिटे स्क्रीन बंद करून जे आठवेल ते वहीत. रविवारी पाच व्याख्यानांनंतर असे लिहिण्याइतके त्राण माझ्यात तरी उरत नसे.

गुणांच्या नियमांकडेही या दृष्टीने पाहावे. एनपीटेलमध्ये बारापैकी सर्वोत्तम आठ असाइनमेंट धरल्या जातात. त्यांना २५ टक्के आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ टक्के भार असतो, आणि प्रमाणपत्रासाठी २५ पैकी १० व ७५ पैकी ३० असे दोन्हीकडे स्वतंत्रपणे मिळवावे लागतात. चार असाइनमेंट सोडता येतात ही सवलत मोठी वाटते. पण जानेवारीच्या सत्रात लग्नसराई येते, जुलैच्या सत्रात गणपती आणि नवरात्र येतात, आणि आपल्याकडची कार्ये बहुधा रविवारीच ठेवलेली असतात. रविवारवर विसंबलेल्याचा एक रविवार गेला की आख्खा आठवडा जातो, तर रोज बसणाऱ्याचा एक दिवस गेला तर एक व्याख्यान मागे पडते आणि ते शनिवारी भरून काढता येते. ज्या जुन्या ध्वनिचित्रित अभ्यासक्रमांना मुदतच नसते, तेथे तर हुकलेला रविवार परत आणणारे काहीच नसते.

रोजच्या पद्धतीला त्रास नाही असे नाही. पहिले पंधरा दिवस मला सारखे मागे पडल्यासारखे वाटत होते. वेळ पक्की होईपर्यंत जेवणानंतरचा पाऊण तास तीनदा पाहुण्यांनी आणि एकदा गेलेल्या विजेने खाल्ला. शेवटी मी पहाटे, नळाला पाणी येण्याआधीचा वेळ धरला, आणि तो टिकला. ज्यांची कामाची पाळी दर आठवड्याला बदलते, किंवा ज्यांच्या लहान घरात रोज टेबल मोकळे मिळत नाही, त्यांनी रविवारची बैठक निवडली तर मी त्यांना अडवणार नाही. त्यांनी निदान एकाऐवजी दोन बैठका कराव्यात, शनिवार रात्र आणि रविवार दुपार, म्हणजे शंकेला मधली एक रात्र मिळेल. प्रोग्रॅमिंगच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कोड लिहिण्यासाठी मात्र सलग दोन-तीन तासच लागतात. पाऊण तासात चूक सापडेपर्यंत उठायची वेळ होते. तेव्हा मी व्याख्याने रोज ऐकली आणि प्रात्यक्षिक रविवारसाठी ठेवले.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी हा निर्णय अधिक गंभीर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमावलीनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम्‌वरून करता येतात, म्हणजे हे गुण थेट पदवीत येऊ शकतात. त्यांना मी एवढेच सुचवेन की पहिले दोन आठवडे रोजची पद्धत करून पाहावी आणि प्रत्येक अडलेला प्रश्न तारखेसह वहीत लिहावा. तो प्रश्न कोणत्या दिवशी सुटला तेही त्याच्यापुढे लिहावे. माझ्या वहीत अशा एकवीस नोंदी आहेत आणि त्यांतल्या सतरा प्रश्नांपुढे दुसऱ्या दिवसाची तारीख आहे.